गोष्टीचा खेळ की कोड्याचा?

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांची वर्दळ ओसरल्यावर, आमच्या घरात ईदीच्या पैशांवरून वाद पेटला. मुलांच्या मामूंनी कुवेतहून येताना एक टॅबलेट आणला होता. तेरा वर्षांची थोरली आणि दहा वर्षांचा धाकटा, दोघांत मिळून तो एकच. दोघांनी आपापली ईदी एकत्र करून टॅबवर खेळायला एक विकतचा खेळ घ्यायचे ठरवले. इथपर्यंत सारे ठीक होते. पण थोरलीला हवा होता गोष्टीचा खेळ आणि धाकट्याला कोड्यांचा. 'खेळ एकच घ्यायचा' असे आम्ही आधीच बजावले होते. त्यामुळे निवाडा आमच्याकडे आला.

आम्ही दोघेही या बाबतीत अडाणीच. आमच्या लहानपणी खेळ म्हणजे लगोरी, विटीदांडू, आणि पावसाळ्यात घरात अडकलो की सागरगोटे. पत्ते घरात चालत नसत, म्हणून 'व्यापार' मांडून बसायचो. टॅबवरचे सगळे खेळ आम्हाला सारखेच वाटत. मुलाने त्यात डोके खुपसले की ते जेवायला हाक मारली तरी ऐकत नाही, एवढेच आम्हाला ठाऊक. पण या वेळी 'काहीच नको' म्हणून विषय मिटवणे बरे वाटले नाही. मुलांनी स्वतःची ईदी खर्चायची ठरवली होती आणि आमच्याकडे परवानगी मागितली होती. विचारणाऱ्या मुलाला नीट उत्तर दिले नाही, तर पुढच्या वेळी ते विचारत नाही.

म्हणून आम्ही दोघांना सांगितले, "आठ दिवस द्या. तुम्ही आपापली बाजू मांडा, आम्हीही माहिती काढतो." त्या आठ दिवसांत आणि त्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत आम्ही जे शिकलो, ते इथे मांडत आहोत. अशी वेळ आज पुष्कळ घरांत येत असणार.

फुकटचा खेळ महागात पडला

विकतचाच खेळ घ्यायचा, हा आग्रह आमचा होता. त्यामागे एक घडलेली गोष्ट आहे. मागच्या वर्षी धाकट्याने आमच्या मोबाइलवर एक फुकटचा खेळ उतरवून घेतला होता. रंगीत तुकडे जुळवायचे, एवढेच. सुरुवातीच्या पायऱ्या सोप्या होत्या. पुढे पाच वेळा हरले की खेळ थांबायचा आणि पाटी यायची, 'थोडा वेळ वाट पाहा, नाहीतर थोडे पैसे भरून लगेच खेळा.' मोबाइलला आमचे बँक खाते जोडलेले होते. खरेदी करताना पासवर्ड विचारण्याची सोय आम्ही सुरू केलेली नव्हती. कधी २९ रुपये, कधी ४९, कधी ९९ असे करत पंधरा दिवसांत १,८०० रुपयांहून अधिक गेले. बँकेचे मेसेज येत होते, पण काहीतरी जाहिरात असेल म्हणून आम्ही ते उघडूनही पाहिले नाहीत.

धाकट्याला आम्ही रागावलो, तेव्हा तो रडत म्हणाला, "मी पैसे नाही दिले. मी फक्त हिरवं बटण दाबलं." तो खोटे बोलत नव्हता. त्या बटणामागे पैसे आहेत हे त्याला कळू नये, अशीच त्या खेळाची मांडणी होती.

फुकटच्या खेळांचा धंदा बहुधा असाच चालतो. जाहिराती दाखवायच्या, खेळणाऱ्याला मध्येच अडवायचे आणि सुटकेचे पैसे घ्यायचे. काही खेळांत तर बंद पेटी विकत घ्यायची असते. आत काय निघेल ते नशिबावर. बेल्जियममधील जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये पैसे देऊन घेण्याच्या अशा पेट्या जुगाराच्या कायद्यात बसतात असे ठरवले. ज्या गोष्टीला आपल्या घरात जुगार म्हणून कोणी हात लावणार नाही, तीच रंगीत वेष्टनात मुलाच्या हाती पडते. एकदाच किंमत मोजून घेतलेल्या खेळात निदान हा घोर नसतो. थोरलीने आणि धाकट्याने निवडलेले दोन्ही खेळ असे विकतचे होते. या पहिल्या चाळणीतून दोघेही पार झाले.

थोरलीची बाजू

थोरलीने निवडलेल्या खेळाचे इंग्रजी नाव 'बेरी मी, माय लव्ह'. ती मात्र 'बरी मी' असेच म्हणे. हा खेळ फ्रान्समधील 'द पिक्सेल हंट' आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, आणि २०१७ मध्ये तो मोबाइल व टॅबसाठी आला. त्यात पळणे, उड्या मारणे, गोळ्या झाडणे काहीच नाही. पडद्यावर दिसते ती व्हॉट्सॲपसारखी संदेशांची देवाणघेवाण. सीरियातील होम्स शहरातून नूर नावाची एक स्त्री युद्धाला कंटाळून युरोपच्या वाटेला लागते. तिचा नवरा मजद मागे राहतो. खेळणारा म्हणजे मजद. नूर संदेश पाठवते: इथे अडकले आहे, पैसे एवढे उरले आहेत, या वाटेने जाऊ की त्या? आपण उत्तर निवडायचे. त्या उत्तरावर तिचा पुढचा प्रवास ठरतो. गोष्टीचे १९ वेगवेगळे शेवट आहेत. काहींत ती सुखरूप पोहोचते, काहींत पोहोचत नाही.

या गोष्टीला खरा आधार आहे. फ्रान्सच्या 'ल माँद' या दैनिकाने २०१५ मध्ये एका सीरियन तरुणीचा युरोपपर्यंतचा प्रवास तिच्या मोबाइलमधील संदेशांतून वाचकांपुढे ठेवला होता. त्यावरून खेळ करणाऱ्यांना कल्पना सुचली आणि त्यांनी त्या तरुणीचीही मदत घेतली.

थोरलीचे म्हणणे असे: "बातम्यांत निर्वासित म्हणजे नुसता आकडा असतो. इथे एक बाई आपल्याशी बोलते. हे पुस्तक वाचण्यासारखंच आहे, फक्त आपल्याला उत्तर द्यावं लागतं."

धाकट्याची बाजू

धाकट्याने निवडलेला खेळ 'मॉन्युमेंट व्हॅली'. लंडनमधील 'असटू गेम्स' या कंपनीने तो २०१४ मध्ये आणला. त्या वर्षीचा आयपॅडवरील सर्वोत्तम खेळ म्हणून ॲपलने त्याची निवड केली होती. पांढऱ्या पोशाखातली इदा नावाची एक छोटी राजकन्या, घुमट, मनोरे, जिने आणि कमानी. बोटाने मनोऱ्याचा एखादा भाग फिरवायचा किंवा सरकवायचा आणि इदाला दारापर्यंत वाट करून द्यायची. गंमत अशी की, दोन तुटके जिने एका विशिष्ट कोनातून जोडलेले दिसले, की त्या खेळाच्या जगात ते खरोखर जोडले जातात. मूळ खेळात दहा प्रकरणे आहेत. गुण नाहीत, घड्याळ नाही, हरणे नाही. शब्द अगदी मोजके.

माहिती काढताना आम्हाला एक धागा सापडला आणि आम्ही हरखून गेलो. या खेळातील न जुळणाऱ्या जिन्यांची प्रेरणा एम. सी. एशर या डच चित्रकाराची आहे. चढत राहिले तरी पुन्हा खालीच येणारा जिना, वरवर वाहत जाणारे पाणी, अशी अशक्य वाटणारी चित्रे त्याने काढली. हाच एशर १९२२ मध्ये आणि पुन्हा १९३६ मध्ये स्पेनमधील ग्रॅनाडाला गेला होता. तिथे नसरी सुलतानांनी उभारलेल्या अलहम्ब्रा राजवाड्यातल्या भिंतींवरील फरशांची नक्षी त्याने बसून उतरवून घेतली. एकात एक गुंतलेले आकार, कुठेही फट नाही, कुठेही पुनरुक्तीचा कंटाळा नाही. पुढे त्याच्या कामावर या नक्षीचा खोल ठसा उमटला. ज्या मुस्लिम कारागिरांची नावेही आज ठाऊक नाहीत, त्यांच्या भूमितीचा एक झरा असा वळणावळणाने आमच्या धाकट्याच्या टॅबपर्यंत आला होता.

धाकट्याला आम्ही विचारले, "तुला हाच का हवा?" तो एवढेच म्हणाला, "यात वाचायला लागत नाही." त्या वेळी आम्ही हसलो. त्या वाक्याचा अर्थ आम्हाला नंतर कळला.

दोन्ही जुनीच

गोष्ट आणि कोडे ही दोन्ही करमणुकीची जुनी रूपे आहेत, टॅब तेवढा नवा. अलिफ लैलाची शहरज़ाद रोज रात्री गोष्ट अर्ध्यावर सोडते आणि ऐकणारा उद्याची वाट पाहतो. गोष्टीच्या खेळाची सारी ताकद याच एका युक्तीत आहे. आणि नवव्या शतकात अब्बासी खलिफांच्या काळी अल-अदली नावाचा बुद्धिबळपटू होऊन गेला. पटावर सोंगट्या एका विशिष्ट रीतीने मांडायच्या आणि 'इथून मात करून दाखवा' म्हणायचे, अशी कोडी त्या काळी जमवली जात. अशा कोड्याला अरबीत 'मन्सूबा' म्हणत. आपण मराठीत 'मनसुबा रचला' म्हणतो, तो हाच शब्द. बुद्धिबळाविषयी उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्यात आम्ही शिरत नाही. सांगायचे एवढेच की, मुले काही जगावेगळे मागत नव्हती. एकाला मनसुबा हवा होता आणि एकीला शहरज़ाद.

दादीने निकाल दिला

आठव्या दिवशी आम्ही सगळे मगरिबनंतर बैठकीच्या खोलीत जमलो. मुलांची दादी पलंगावर तस्बीह घेऊन बसली होती. दादा गेल्यापासून ती फारशी बोलत नाही. टॅब आल्यापासून तर तिच्याशी बोलायला कोणाला वेळही नव्हता. थोरली आपल्या खेळाचे नाव दोनतीनदा म्हणाली. दादीने मध्येच विचारले, "कोण बरी आहे म्हणते?"

थोरली हसू लागली. मग तिने दादीला समजावले की हे 'बरी' नव्हे, इंग्रजीत त्याचा अर्थ 'मला दफन कर' असा आहे. दादीने कपाळाला आठ्या घातल्या. "ईदच्या दिवसांत हे काय नाव?" थोरलीने वाचलेले सगळे तिला सांगितले. शाम देशाकडच्या अरबीत माणसे आपल्या जिवलगाला असे म्हणतात. 'तू मला दफन करशील,' म्हणजे तुझ्याआधी मी जावे, तुझ्यावाचून राहण्याची वेळ माझ्यावर येऊ नये. मजद आणि नूर एकमेकांचा निरोप घेतात तो याच शब्दांत.

दादी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आपल्याकडे बायका वेगळं काय मागतात? मीही हेच मागितलं होतं. अल्लाहची मर्जी वेगळी होती." आणि थोडे थांबून, "ती पोचते का गं?"

निकाल तिथेच लागला. धाकट्याला आम्ही बकरी ईदचा वायदा केला आणि गोष्टीचा खेळ घेतला.

नूरचा प्रवास

आमचा नियम साधा होता. खेळ बैठकीच्या खोलीतच, सगळ्यांसमोर, मगरिब आणि इशा यांच्यामध्ये. थोरली संदेश वाचून मराठीत सांगायची, दादी ऐकायची आणि उत्तर काय द्यायचे ते सगळ्यांनी मिळून ठरवायचे.

या खेळात वाट पाहणे हा खेळाचाच भाग आहे. नूर प्रवासात असली की तिचा संदेश येत नाही. तासन्‌तास येत नाही. मग कधीतरी टॅब वाजतो. पहिल्या दोन दिवसांत थोरली वैतागली. दादीला मात्र ते अजिबात नवे नव्हते. "येईल," ती म्हणायची, "निघालेलं माणूस सारखं कसं बोलेल?"

उत्तरांवरून वाद व्हायचे. समुद्राने जावे की जमिनीने? ओळख नसलेल्या माणसावर विश्वास ठेवावा का? नूर धीर सुटल्यासारखे बोलली, तर तिला हसवावे की खरे सांगावे? एका रात्री थोरली म्हणाली, "मी तिला खोटं सांगितलं की इथे सगळं ठीक आहे." दादी म्हणाली, "तेही कधीकधी सांगावं लागतं." त्यावर आमची अर्धा तास चर्चा झाली. खोटे कधी बोलावे, दिलासा कशाला म्हणावे आणि फसवणूक कशाला. तेरा वर्षांच्या मुलीशी या विषयावर आम्ही याआधी कधी बोललो नव्हतो.

दहाएक दिवसांनी नूरची गोष्ट संपली. आमच्या निवडींनी तिला ज्या वाटेवर नेले, तिचा शेवट चांगला नव्हता. ती पोहोचली नाही.

थोरली रात्रभर नीट झोपली नाही. "ती वाट मी निवडली," एवढेच ती म्हणत होती. आम्ही घाबरलो. खेळ निवडताना चूक झाली का? एवढ्या वयात एवढे ओझे मुलीवर का टाकले? 'अगं, तो खेळ आहे' असे म्हणून पाहिले, पण ते आम्हालाच पोकळ वाटले. तो नुसता खेळ नाही म्हणूनच तर आम्ही तो घेतला होता.

फजरनंतर दादीने तिला जवळ बोलावले. मुलांचे दादा व्यापारी जहाजावर खलाशी होते, हे मुलांना ठाऊक होते. पुढचे ठाऊक नव्हते. दादीने सांगितले, "तुझा अब्बा पाळण्यात होता तेव्हाची गोष्ट. एकदा पंचेचाळीस दिवस पत्र आलं नाही. मोबाइल नव्हता, गावात फोन नव्हता. पोस्टमन लांबून दिसला की मी आत जाऊन बसायची. दारात उभी राहिले आणि तो मान हलवून पुढे गेला, तर जीव जायचा. मुंबईहून निघताना त्यांनी विचारलं होतं, 'या जहाजावर जाऊ का पुढच्या?' मीच म्हटलं होतं, 'याच जा, पैशांची गरज आहे.' पंचेचाळीस दिवस मला तेवढंच आठवत होतं."

"मग?" थोरलीने विचारले.

"मग काय! पाणी भरलं, भाकऱ्या केल्या, नमाज पढली, दुआ मागितली. जहाज दुरुस्तीला लागलं होतं. पत्र आलं. पण नसतं आलं, तरी मी वाईट चिंतून त्यांना पाठवलं नव्हतं. आपल्या हाती निवडणं असतं. निकाल आपल्या हाती नसतो."

आम्ही दोघे दारात उभे राहून ऐकत होतो. आमच्यापैकी एक त्याच पाळण्यातले मूल. सेहेचाळीस वर्षांत हे पंचेचाळीस दिवस आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

आम्ही कोणाला विसरलो होतो

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली. धाकटा तिसऱ्या दिवसापासूनच उठून जायला लागला होता. 'चंचल आहे, एका जागी बसत नाही' असे आम्ही म्हणायचो. नंतर लक्षात आले की, संदेश भराभर येत, सगळे इंग्रजीत. थोरली वाचून मराठीत सांगेपर्यंत तिचे बोट पुढे गेलेले असे. धाकटा वाचनात मागे आहे. वर्गात उभे करून वाचायला सांगितले की अडखळतो. शाळेत जे होते तेच घरातल्या खेळातही होऊ लागले, म्हणून तो उठून जात होता. 'यात वाचायला लागत नाही' या त्याच्या वाक्यावर आम्ही हसलो होतो. ते हसणे आम्हाला आता बोचते.

बकरी ईदला वायद्याप्रमाणे कोड्यांचा खेळ आला. जागा तीच, वेळ तीच. पण या वेळी घरातले चित्र उलटे झाले. दादीला टॅब दाखवून धाकटाच समजावू लागला, "इथे जिना तुटलाय ना? आता हे फिरवलं की बघ." थोरली एका मनोऱ्यापाशी अडकली आणि तिने त्याला विचारले, "हे कसं रे?" मोठ्या बहिणीने त्याला काही विचारल्याचे आम्हाला तरी आठवत नाही. त्याने उत्तर सांगितले नाही. म्हणाला, "तू कोनातून बघत नाहीयेस."

तीन संध्याकाळींत खेळ संपला. 'संपला!' म्हणून तो थोडा हिरमुसला, आणि आम्ही मनातल्या मनात अल्हमदुलिल्लाह म्हटले. जो खेळ संपतो, त्यातून मूल मोकळे होऊन उठते. पुढचे काही दिवस त्याच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर अशक्य जिने आणि तिकोने दिसत होते. गुरुजींनी त्याबद्दल त्याला रागावले नाही, उलट एक चौकटीचा कागद दिला.

मूळ खेळ संपल्यावर आणखी प्रकरणे हवी असतील तर ती मिळतात. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये ती वेगळ्या किमतीला आली, तेव्हा ती दोन डॉलरहून कमी होती. तरी 'पुन्हा पैसे का?' म्हणून अनेकांनी खेळाला एकच तारा देऊन राग काढला. आम्हाला त्याचे नवल वाटते. कारागिराला त्याच्या कामाचे दाम सरळ मागू दिले नाही, तर तो ते हिरव्या बटणामागे लपवून घेतो.

तर मग कोणता घ्यावा?

आमचे उत्तर विचाराल तर, आधी घरात पाहा आणि मग खेळ निवडा.

घरात वाचणारे मूल आहे, ऐकणारे कोणी मोठे माणूस आहे, रोज अर्धा तास सगळे एकत्र बसू शकतात, तर गोष्टीचा खेळ घ्यावा. पण तो मुलाच्या हाती देऊन मोठ्यांनी निघून जाऊ नये. चांगली गोष्ट मनाला लागते. ती लागेल तेव्हा जवळ कोणीतरी हवे. नूरची गोष्ट दहा वर्षांच्या मुलाने एकट्याने खेळावी असे आम्हाला वाटत नाही.

मूल अक्षरांशी झगडणारे असेल, शाळेतून दमून येत असेल, किंवा त्याला कुठेतरी 'मला जमले' असे वाटण्याची गरज असेल, तर कोड्याचा खेळ घ्यावा. त्यात भाषेची भिंत नसते. लहान-लहान टप्पे असल्याने अज़ान झाली किंवा जेवणाची हाक आली की ठेवून उठता येते. मात्र कोड्यात माणूस एकटा हरवूही शकतो, म्हणून तोही चारचौघांत खेळलेला बरा.

आणि कोणताही घेतला, तरी घेण्यापूर्वी आम्ही आता एवढे पाहतो:

१. खेळाला शेवट आहे का? ज्याला शेवटच नाही, त्याला थांबणेही नाही.

२. पैसे एकदाच, की पुन्हा पुन्हा? खेळाच्या पानावर 'ॲपमधील खरेदी' असे लिहिलेले असते, ते वाचावे. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. आयपॅडवर 'स्क्रीन टाइम'मध्ये ॲपमधील खरेदी पूर्ण बंद करता येते.

३. भाषा कोणती? शब्द जास्त असतील तर ते सर्वात कच्च्या वाचणाऱ्यालाही झेपतील का?

४. आपला टॅब तो खेळ चालवू शकेल का? खेळ जुना असेल किंवा टॅब जुना असेल, तर आधी तपासावे.

५. खेळून उठलेले मूल कसे आहे? हे सर्वात महत्त्वाचे. ते काही सांगायला धावत येते, की चिडून बोलते? जागतिक आरोग्य संघटनेने खेळांच्या व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले आहे आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. स्वतःवर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. ही लक्षणे साधारण वर्षभर टिकली तर डॉक्टर त्याला आजार म्हणतात. आई-बापांनी मात्र वर्षभर थांबू नये. चिडचिड, झोप उडणे, जेवणावरून उठून जाणे दिसले की त्याच आठवड्यात खेळ बाजूला ठेवावा आणि मुलाशी बोलावे.

आरोग्य आणि मोकळा वेळ या दोन नेमतींच्या बाबतीत माणसे फसतात, असे आपल्या प्यारे नबी (स.) यांनी आपल्याला सावध केले आहे. मुलांचा मोकळा वेळ ही तर आपल्याकडची अमानत. तो सगळाच टॅबला द्यावा असे आम्ही म्हणत नाही, आणि टॅब फेकून द्यावा असेही म्हणत नाही.

सध्या आमचा टॅब कपाटात आहे. दोन्ही खेळ संपले. परवा संध्याकाळी थोरली दादीच्या पायाशी बसून विचारत होती, "पंचेचाळिसाव्या दिवशी ते पत्र कोणी वाचून दाखवलं?" दादीला त्या काळी वाचता येत नसे. धाकटा मान वर करून दादीकडे पाहू लागला. दादी म्हणाली, "शेजारच्या घरातला एक मुलगा होता, शाळेत जाणारा. अडखळत वाचायचा. पण मला त्याच्याइतकं गोड कोणी वाचून दाखवलं नाही."

दुसऱ्या दिवशी धाकट्याने कपाटातून आपले मराठीचे पुस्तक काढले आणि दादीच्या पलंगावर जाऊन बसला. अल्लाह त्याला आणि तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या मुलांना इल्मची गोडी देवो. आमीन.